हँडगार्ड, रेलयुक्त : निवड आणि बसवणी

रायफलीच्या नळीभोवतीचे, पुढच्या हाताने धरायचे आवरण म्हणजे हँडगार्ड. तापलेल्या नळीचा चटका हाताला बसू न देणे हे त्याचे मूळ काम. त्यावर विजेरी, लेसर, पुढची मूठ किंवा बायपॉड बसवण्यासाठी खाचांच्या पट्ट्या असल्या, की ते रेलयुक्त हँडगार्ड होते. मूळ हँडगार्ड काढून दुसरे बसवण्याचा प्रघात सर्वाधिक आहे तो अमेरिकी एआर-१५ घराण्यात, म्हणजे एम-१६ आणि एम-४ यांच्या कुळातील रायफलींत.

या घराण्यातील मूळ हँडगार्ड प्लास्टिकचे आणि दोन भागांचे असते. आत उष्णता अडवणारा ॲल्युमिनियमचा पत्रा असतो. एम-४ मध्ये तो दुहेरी आहे. दोन्ही भाग पुढे गॅस ब्लॉकमागच्या (नळीतील वायू गॅसनळीत वळवणाऱ्या ठोकळ्यामागच्या) टोपीत आणि मागे स्प्रिंगच्या दाबाखालील कड्यात अडकतात. ते कडे मागे ओढले की भाग निघतात. याच जागी, नळीला हात न लावता बसणारी रेलयुक्त हँडगार्डही मिळतात. नाइट्स आर्मामेंट कंपनीचे, १९९० च्या दशकात अमेरिकी सैन्यात रूढ झालेले चार बाजूंच्या रेलचे हँडगार्ड मूळ जागीच बसणारे होते. अशा हँडगार्डची लांबी गॅसप्रणालीच्या लांबीशी जुळावीच लागते : कार्बाइनसाठी सुमारे ७ इंच, मध्यम लांबीसाठी ९ आणि पूर्ण रायफलीसाठी १२ इंच. इथे चूक झाली तर हँडगार्ड बसतच नाही.

दुसरा प्रकार फ्री-फ्लोट. हे हँडगार्ड फक्त मागे, नळी आवळणाऱ्या नटापाशी धरलेले असते आणि पुढे नळीला कुठेही टेकत नाही. बायपॉडवर भार दिला किंवा पट्टा ताणला तरी तो जोर नळीवर येत नाही, म्हणून गोळ्यांचा मारा एकसारखा राहतो. अचूकता हा हेतू असेल तर फ्री-फ्लोटला पर्याय नाही. मात्र बसवणी अवघड. नळीचा नट काढावा लागतो, पुढची साइट आणि गॅस ब्लॉक एकत्र असल्यास तोही उतरवावा लागतो किंवा ठेंगणा गॅस ब्लॉक घालावा लागतो. अमेरिकी लष्करी पुस्तिकेनुसार मूळ नट किमान ३० फूट-पौंड आवळून, गॅसनळीची खाच जुळेपर्यंत पुढे न्यायचा, पण ८० च्या वर नाही. बदली हँडगार्डसोबत बहुधा स्वतःचा नट येतो आणि त्याचा आकडा वेगळा असू शकतो. तेव्हा उत्पादकाचाच आकडा मानावा. गॅसनळी नटाला घासत राहिली तर रायफल अडखळू लागते. हे काम टॉर्क पाना असलेल्या जाणत्या आर्मररकडेच द्यावे.

रेलचे माप ठरलेले आहे. न्यू जर्सीतील पिकॅटिनी आर्सेनलच्या नावाने ओळखली जाणारी रेल १९९५ मध्ये अमेरिकी लष्करी मानक झाली. तिची खाच ५.२३ मिलिमीटर रुंद असते आणि दोन खाचांच्या मध्यांतील अंतर १०.०१ मिलिमीटर. जुन्या वीव्हर रेलची खाच ४.५७ मिलिमीटरची असल्याने वीव्हरची साधने पिकॅटिनीवर बहुधा बसतात, उलट होत नाही.

चारही बाजूंना पिकॅटिनी असलेले हँडगार्ड जड, हाताला जाड आणि कडांनी बोचरे असते. वापरात सहसा एकदोनच साधने असतात. उरलेली रेल निव्वळ ओझे, आणि तेही नेमके पुढच्या टोकाला. म्हणूनच गुळगुळीत हँडगार्डमध्ये फक्त भोके ठेवून, हवी तिथेच साधने बसवण्याच्या पद्धती आल्या : २०१२ मधली की-मॉड आणि २०१४ मधली मॅगपुल कंपनीची एम-लॉक. अमेरिकी नौदलाच्या क्रेन येथील केंद्राने विशेष दलांसाठी केलेल्या तुलनेत, साधन काढून पुन्हा लावल्यावर नेम टिकवण्यात आणि भार सोसण्यात एम-लॉक सरस ठरली. नव्याने घेणाऱ्याने आज तीच घ्यावी. पिकॅटिनीचा एक तुकडा वर राहिला तरी पुरतो.

लेसर बसवायचा असेल तर हँडगार्ड वळता किंवा लवता कामा नये, नाहीतर साधलेला नेम जातो. गोल फिरण्याला अडवणारे खिळे किंवा कान रायफलीच्या चौकटीत (रिसीव्हरमध्ये) घट्ट बसतात का, हे हाताने पिळूनच पाहावे. दुर्बिणीचा माउंट मात्र चौकटीवरच राहावा. एक पाय चौकटीवर आणि एक हँडगार्डवर ठेवू नये. दोन्ही रेलची उंचीही जुळावी लागते. ७.६२ मिलिमीटरच्या एआर रायफलींत तर असे एकच मानकही नाही : डीपीएमएस आणि आर्मालाइट या दोन परंपरांचे भाग एकमेकांवर बसत नाहीत, म्हणून आधी चौकटीची जात ओळखावी.

एके-४७ च्या घराण्यात वरचे हँडगार्ड गॅसनळीवर बसते आणि सफाईसाठी तिच्यासकट निघते. त्यावर नेमाचे साधन लावायचे तर जोड पक्का हवा. खालचे नळीला धरलेले असते, तिथे मूठ किंवा विजेरी निर्धास्त लावता येते. अमेठीजवळ कोरवा येथे बनणारी एके-२०३ कारखान्यातूनच रेलसह येते. पुण्याच्या पाषाण भागातील शस्त्रास्त्र संशोधन आणि विकास आस्थापनेने आखलेल्या मूळ इन्सास रायफलीचे प्लास्टिक हँडगार्ड मात्र रेलविना होते. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याने स्वयंचलित शस्त्रे नागरिकांना प्रतिबंधित असल्याने अशा रायफलींचे हँडगार्ड बदलणे हा सेना व पोलीस दलांच्या शस्त्रागारांपुरताच विषय आहे.