वसतिगृहाचा उंबरठा

ज्याच्या घराण्यात कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही, अशा मुलाला तेथील ग्रंथालय व प्रयोगशाळा एक दिवस हिंडून दाखवाव्यात, म्हणजे ही जागा आपलीही आहे असे त्याला वाटेल, हा विचार अलीकडे अनेक देशांत रूढ झाला आहे. विचार चांगला आहे. परंतु पाहून परतलेला मुलगा पुन्हा तेथे राहावयास कसा येणार, या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्राने फार पूर्वी शोधले होते.

कोल्हापुरात राजाराम कॉलेज १८८० साली निघाले. त्याचे दार उघडे होते. पण खेड्यातील कुणब्याच्या मुलाने शहरात राहावे कोठे, आणि जेवावे कोणाच्या घरी? गरीब ब्राह्मण विद्यार्थ्याला वार लावून किंवा माधुकरी मागून दिवस काढता येत. इतरांना ती सोय नव्हती. अडसर केवळ फीचा नव्हता, तो भाकरीचा आणि अंथरुणाचा होता. शाहू महाराजांनी हे ओळखले. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले. जैन, मुसलमान, लिंगायत इत्यादी समाजांची वसतिगृहेही उभी राहिली. १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले.

ही वसतिगृहे जातवार होती, हे विसरून चालणार नाही. प्रत्येक समाजाने आपल्या मुलांचा भार उचलावा, ही त्यामागील व्यवहारदृष्टी. तिने मुले शहरात आणली, पण त्यांच्या पंगती वेगळ्याच राहिल्या. ती मर्यादा ओलांडण्याचे काम कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहिलेल्या एका विद्यार्थ्याने पुढे हाती घेतले. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभास जाऊन आल्यावर स्नान करण्यास त्याने नकार दिला, म्हणून त्याला वसतिगृह सोडावे लागले, असे चरित्रकार सांगतात. तो विद्यार्थी म्हणजे भाऊराव पाटील.

भाऊरावांनी १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ साली ती साताऱ्यास नेली. तेथील बोर्डिंगात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत आणि एका पंगतीत जेवत. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. धान्य संपले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने मोडले. मंगळसूत्रही राहिले नाही. १९३० साली त्या निवर्तल्या. मुलांना वसतिगृहात घर भेटले ते अशा मोलाने.

१९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले. 'कमवा व शिका' या योजनेनुसार विद्यार्थी श्रम करून आपला खर्च भागवीत. हाताला घट्टे पडलेल्या मुलाला तेथे संकोचण्याचे कारण उरले नाही, कारण श्रम हाच त्या आवाराचा रिवाज होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ आणि १९५० साली औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय काढून हीच वाट अधिक रुंद केली.

महाविद्यालय दाखविणे हा आरंभ होय. त्याचे दर्शन मुलाच्या मनात इच्छा जागवील. ती इच्छा पदवीपर्यंत पोहोचावयाची, तर त्याच्या ताटात भाकरी असावी लागते, आणि शेजारच्या ताटाशी त्याचे ताट समान असावे लागते.