‘पारंपरिक’ म्हणजे कोण?

लोकगीतांची जुनी तबकडी किंवा कॅसेट हाती आली की मी आधी वेष्टनावरची बारीक अक्षरे वाचतो. गायक असतो, संगीत देणारा असतो. गीतकाराच्या जागी मात्र बहुधा एकच शब्द, ‘पारंपरिक’.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या जाखडीला तो शब्द लावताना जपावे लागते. गौरी-गणपतीत गावोगाव ही नाचते. मध्ये बुवा, ढोलकीवाला आणि साथीदार बसतात, भोवती घुंगरू बांधलेल्या नाच्यांचे रिंगण फिरते. शक्तिवाले प्रकृतीला थोर मानतात, तुरेवाले शिवाला. गण, गवळण होऊन भांडण सवाल-जवाबांवर येते. गाण्याच्या शेवटच्या कडव्यात शाहीर आपले, गुरूचे, कधी गावाचेही नाव गुंफतो. तुकोबांच्या अभंगात असते तशीच ही मुद्रा. म्हणजे कर्ता अज्ञात नाही. त्याने सही करून ठेवली आहे. ध्वनिमुद्रणासाठी लांबी कमी करताना ते कडवे गळले, तर सहीच गेली.

गंमत अशी, की यंत्राला नावाची गरज पहिल्यापासून होती. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजानने ध्वनिमुद्रण केले, तेव्हा गाणे संपताच तिने आपले नाव मोठ्याने सांगितले. तबकड्या जर्मनीत निघायच्या. तिथल्या कारागिरांना गायिका कोण ते कळावे, म्हणून. गायिकेचे नाव राहिले. शब्द रचणाऱ्याचे नाव विचारण्याचे यंत्राला कारण नव्हते.

उलटही घडते. ‘मी डोलकर’ शांता शेळके यांचे, चाल हृदयनाथ मंगेशकरांची. तरी ते कोळीवाड्यातले जुने गाणे आहे असे सांगणारे अजून भेटतात. अमेरिकेत तिसरीच तऱ्हा. १९२७ मध्ये ब्रिस्टल इथे कार्टर कुटुंबाची पहिली ध्वनिमुद्रणे झाली. पुढे ए. पी. कार्टर डोंगराळ मुलखात हिंडून जुनी गाणी गोळा करीत. सोबत लेस्ली रिडल हा कृष्णवर्णीय गिटारवादक चाली लक्षात ठेवी. त्यांतली कित्येक गाणी कार्टर यांच्या नावे नोंदली गेली. तिथे परंपरेवर एकाचे नाव चढले, आपल्याकडे एकाच्या नावावर परंपरा चढते. मला दुसरा प्रकार जास्त खुपतो, कारण तो आदराच्या वेषात येतो.

आणि प्रश्न नुसत्या मानाचा नाही. आपल्या कायद्यात रचनेवरचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. काल-परवा वारलेल्या शाहिराचे गाणे ‘पारंपरिक’ म्हणून छापले, की त्याच्या घरच्यांना मागायला काही उरत नाही.