पॅप स्मिअरमधून निसटणारा कर्करोग
गर्भाशयमुखाच्या पेशी काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात, ती पॅप स्मिअर चाचणी. सपाट पेशींचा नेहमीचा कर्करोग तीत अधिक सहज ओळखू येतो. ग्रंथीपेशींचा अ‍ॅडिनोकार्सिनोमा त्यामानाने कमी आढळतो. तो बहुधा मुखाच्या आतल्या नळीत सुरू होतो. तिथल्या पेशी नमुन्यात आल्या नाहीत तर निसटतो.

उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ महिलांचा अभ्यास झाला. २००९ मधील निष्कर्षांनुसार, एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीच्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्मे झाले; एकदाच केलेल्या पॅप स्मिअरने लक्षणीय घट झाली नाही.

म्हणूनच अहवाल नॉर्मल असला, तरी संबंधानंतर किंवा पाळी कायमची थांबल्यावर रक्तस्राव झाल्यास डॉक्टरांना दाखवावेच.