पोट, हातपाय आणि झाशीची मतदारयादी

मागच्या भागात रोमनं राजा हाकलला, प्रजासत्ताक आलं, इथवर आपण आलो होतो. पण त्या प्रजासत्ताकात राज्य होतं कुणाचं? आज बोलतोय झाशीहून. सकाळी किल्ल्यात गुलाम गौस खान, खुदाबक्ष आणि मोतीबाई यांच्या कबरी पाहिल्या. तिघंही तोफांवर मेले. तेव्हाच ठरवलं, रोमचा हा विषय इथंच बोलायचा.

रोममध्ये सत्ता पॅट्रिशियन म्हणजे खानदानी घराण्यांकडे. बाकी सगळे प्लेबियन. हे लढाईवर जायचे, मागं शेत पडीक, कर्ज डोक्यावर, आणि फेडलं नाही तर सावकार माणसालाच बांधून नेणार. परंपरेनं साल सांगतात इसवी सनपूर्व 494. लढाईचे दिवस होते आणि हे लोक शहर सोडून तीन मैलांवरच्या टेकडीवर जाऊन बसले. जाळपोळ नाही, मारामारी नाही. आपल्या संपाचा पणजोबाच म्हणा ना! समजूत काढायला मेनेनियस अग्रिप्पा आला. त्यानं गोष्ट सांगितली: हातपाय पोटावर रुसले, काम बंद केलं आणि सगळं शरीरच खंगलं. गोष्ट झकास आहे, पण सांगणारा पोटाच्या बाजूचा होता. लोक नुसत्या गोष्टीवर परतले नाहीत, स्वतःचे ट्रिब्यून मिळवून परतले. ट्रिब्यूनच्या अंगाला हात लावायचा नाही, आणि अधिकाऱ्याचा हुकूम तो अडवू शकणार.

पुढं 445 मध्ये बेटीव्यवहार खुला झाला, 367 मध्ये कॉन्सलपद, आणि 287 मध्ये प्लेबियनांच्या सभेचे ठराव साऱ्या रोमला लागू. दोनशे सात वर्षं लागली! त्यातही श्रीमंत प्लेबियन सत्तेच्या पंगतीत बसले, गरीब उंबऱ्यावरच राहिले.

आता झाशी. नोव्हेंबर 1853 मध्ये गंगाधरराव गेले. आदल्या दिवशी दामोदररावांना दत्तक घेतलं होतं. डलहौसीनं दत्तक नाकारलं आणि 1854 मध्ये संस्थान खालसा केलं. राणीसाहेबांची बाजू न्यायाचीच होती, 1817 चा तह त्यांच्या बाजूनं होता. तरी भांडण वारसाचं होतं. रयतेला कोण हवं, हे विचारायची रीत कंपनीकडे नव्हती आणि दरबारातही नव्हती. चार वर्षांनी ह्यू रोजच्या तोफांपुढं तटावर उभी राहिली ती मात्र हीच रयत. झलकारीबाईची आठवण कोरी समाजानं पिढ्यान्‌पिढ्या सांगत जपली, आपल्या मराठी पुस्तकांनी तिला फारशी जागा दिली नाही.

मग हक्क आला कसा? संविधान सभेत झाशीचे रघुनाथ विनायक धुळेकर होते. नावावरूनच मूळ कळतं, पण सभेत आग्रह धरला तो हिंदुस्तानीचा. ही सभा निवडली प्रांतांच्या विधिमंडळांनी, आणि त्या विधिमंडळांना मत देणारे मूठभर होते. अशा सभेनं कलम 326 लिहिलं: प्रत्येक प्रौढाला एक मत. रोममध्ये संपत्तीप्रमाणे मताचं वजन ठरायचं, इथं तो प्रश्नच काढून टाकला. माझ्या मते ही रोमपेक्षा मोठी झेप आहे. 1952 मध्ये धुळेकर झाशीतून लोकसभेवर गेले.

पण त्या याद्या करताना एक घोळ झाला. हजारो गावांत बायकांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही; ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ एवढंच. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी धरल्या नाहीत. सुमारे 28 लाख बायका यादीबाहेर राहिल्या, आणि त्यांतल्या पुष्कळ याच उत्तर प्रदेशातल्या होत्या.