पहिला सेकंद

१९९५ चा आषाढ. ताम्हिणीकडून आलेला पाऊस मुळशीच्या खाचरांवर कोसळतोय. घोटे चिखलात रुतलेले, हातात भाताच्या रोपांची मूठ आणि डोक्यावरून पाठीवर सोडलेली युरियाच्या पोत्याची खोळ. शेजारच्या आजींनी पानांचं इरलं अजून सोडलेलं नाही. तुमची खोळ मात्र पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकची आहे.

आता काळ मागे फिरू द्या. पोत्याची वीण उसवते, पट्ट्यांचे पुन्हा पांढरे दाणे होतात, दाण्यांची पूड होते. घाट उतरून तुम्ही नागोठण्याला, आयपीसीएल या पेट्रोकेमिकल कंपनीच्या कारखान्यात पोचता. रिअ‍ॅक्टरमधला पुडीचा एक कण धरून ठेवा. तो आक्रसत जातो, तुम्हीही त्याच्याबरोबर. मिलिमीटरभराचा कण केसाच्या जाडीहून लहान होतो, साधारण ४० मायक्रॉनचा. आता त्यात प्लास्टिक उरलेलंच नाही. हा निव्वळ उत्प्रेरक: मॅग्नेशियम क्लोराइडच्या अतिसूक्ष्म स्फटिकांचा सच्छिद्र गोळा, स्फटिकांच्या कडांवर टायटॅनियम.

इथे थांबा आणि काळ पुढे सोडा, पण अगदी सावकाश.

अ‍ॅल्युमिनियमच्या संयुगाने टायटॅनियम जागं झालं आहे. छिद्रांतून प्रॉपिलीन आत झिरपतं. रेणूमागून रेणू जोडला जातो, पॉलिमरच्या साखळ्या वाढतात आणि छिद्रं भरून जातात. जागा संपली तरी वाढ थांबत नाही. किल्ल्याच्या तटात रुजलेल्या पिंपळाच्या मुळासारखा दाब भिंतींवर येतो आणि तुमच्या शेजारची भिंत तडकते. मग दुसरी. फुटलेला प्रत्येक तुकडा आपलं टायटॅनियम घेऊन दूर सरकतो. पण निखळून पडत नाही, कारण ज्या पॉलिमरने त्याला फोडलं तोच त्याला धरूनही ठेवतो. फुटल्याने आतल्या टायटॅनियमपर्यंत प्रॉपिलीनला वाट मिळते. उत्प्रेरक फुटलाच नाही तर छिद्रं बुजून काम थंडावेल.

मला या साऱ्या प्रक्रियेतला हाच क्षण सर्वांत मोलाचा वाटतो. फुटणं सगळीकडून सारखं झालं, तर कण फुगताना उत्प्रेरकाचाच आकार राखतो: गोल उत्प्रेरकातून गोल दाणा. व्यास २५ पट, म्हणजे आकारमान १५,००० पटींहून जास्त, तरीही ठेवण तीच. घाई झाली तर कणाच्या ठिकऱ्या होतात आणि बारीक भुकटी नळ्यांत साचते. शिवाय प्रत्येक जोडणीत उष्णता निघते. कण लहान असताना ती बाहेर टाकायला पृष्ठभाग अपुरा असतो. ती आत साचली तर पॉलिमर मऊ पडून कण एकमेकांना चिकटतात. म्हणून अनेक कारखाने उत्प्रेरकाला आधी कमी तापमानात थोडंसंच प्रॉपिलीन देतात आणि मगच ७० अंशांच्या आसपास चालणाऱ्या मुख्य रिअ‍ॅक्टरमध्ये सोडतात.

आणखी मागे जाऊ. १९५३, जर्मनीतलं म्युल्हाइम: कार्ल त्सीग्लर कमी दाबात पॉलिइथिलीन बनवतात. १९५४, मिलान: जूलिओ नात्तांच्या प्रयोगशाळेत पॉलिप्रॉपिलीन. १९६३ मध्ये दोघांना नोबेल. त्या काळचा उत्प्रेरक मंद होता. त्याचे अवशेष पॉलिमरमधून धुऊन काढावे लागत. पुढे मॅग्नेशियम क्लोराइडचा आधार मिळाला आणि एका ग्रॅममधून इतकं पॉलिमर निघू लागलं की धुण्याची गरजच राहिली नाही. मुळशीच्या खाचरात स्वस्त पोतं पोचण्यामागे या बदलाचा मोठा वाटा आहे.

पौडहून पुण्यात शिरताना पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा लागते. आयपीसीएलमध्ये संशोधन केलेले डॉ. स्वामिनाथन शिवराम १९८८ मध्ये तिथे आले, पॉलिमर संशोधनाची मोठी फळी त्यांनी उभी केली आणि २००२ मध्ये ते संचालक झाले. पौड-पिरंगुटच्या महाविद्यालयांत रसायनशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींनो, पॉलिमरची समीकरणं पाठ करून थांबू नका. कण पहिल्या सेकंदात कसा फुटतो, हा प्रश्न संशोधनासाठी अजून खुला आहे. तो हाती घ्या.