साहाय्यक पथक (मोटार-मोहिमेचे)

फोर बाय फोर गाड्यांतून आठवडे किंवा महिने चालणाऱ्या खुष्कीच्या प्रवासात गाड्यांची दुरुस्ती, फसलेल्या गाडीची सुटका, इंधन, पाणी, शिधा, संपर्क आणि औषधोपचार सांभाळणारा गट. दोन-तीन गाड्यांच्या मोहिमेला चार-पाच माणसांचे आणि एका स्वतंत्र गाडीचे पथक पुरते. ही गाडी ताफ्यात सर्वांत शेवटी चालते. पुढे काय बिघडले हे तिलाच दिसते आणि मागे कोणी राहत नाही.

मोहिमांचा इतिहास पाहिला तर यश गाडीच्या ताकदीपेक्षा या मागच्या माणसांवर अवलंबून राहिलेले दिसते. सित्रोएन कंपनीची १९३१–३२ ची आशिया मोहीम बैरूतहून निघून काश्मीरमार्गे चीनकडे गेली. श्रीनगरच्या पुढे दोनच गाड्या नेल्या गेल्या, आणि गिलगिटच्या वाटेवर जागोजागी त्यासुद्धा सुट्या करून हमालांच्या पाठीवरून न्याव्या लागल्या. उघडलेली गाडी डोंगरात पुन्हा जोडणारे मिस्त्री बरोबर होते म्हणूनच हे जमले. ऑक्सफर्ड व केंब्रिजच्या सहा तरुणांनी १९५५–५६ मध्ये दोन लँडरोव्हर लंडनहून सिंगापूरला नेल्या. त्यांनी निघण्यापूर्वीच मिस्त्री, कोठारी, दिशादर्शक, कॅमेरामन अशी कामे वाटून घेतली होती. वेगळे साहाय्यक पथक नसेल तर प्रत्येक प्रवाशाने पथकाचे एकेक काम अंगावर घ्यायचे, हा धडा आजही लहान गटांना उपयोगी आहे.

या विद्येचा मोठा भाग लष्कराकडून आला. दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात शत्रूच्या पिछाडीला शेकडो मैल फिरणाऱ्या ‘लाँग रेंज डेझर्ट ग्रुप’ने वाळूत रुतलेल्या चाकांखाली घालायच्या लोखंडी पट्ट्या, सूर्य-होकायंत्र आणि रेडिएटरची वाफ थंड करून पाणी परत मिळवणारी टाकी या गोष्टी रुळवल्या. त्यात भारतीय घोडदळ रेजिमेंटांतील जवानांचे ‘इंडियन लाँग रेंज स्क्वाड्रन’ही होते. २ लान्सर्स, ११ कॅव्हलरी आणि १८ कॅव्हलरी या त्या रेजिमेंटा. त्यांपैकी पहिली आणि तिसरी आज भारतीय चिलखती दळात आहेत, आणि या दळाचे प्रशिक्षण केंद्र अहिल्यानगरला आहे. मराठी वाचकाला ही साखळी क्वचितच सांगितली जाते.

अहिल्यानगर आणि वाहनविद्या. नगर हे गाडी चालवण्याचे, मोडण्याचे आणि दुरुस्त करण्याचे शास्त्र जपणारे गाव आहे. इंग्रजी अमदानीत येथे चिलखती वाहनांची शाळा होती. १९४८ मध्ये तिच्यासह भरतीप्रशिक्षण व डेपो एकत्र येऊन ‘आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल’ झाले. मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीचे रेजिमेंटल सेंटरही येथेच आहे. ‘डीआरडीओ’ची वाहन संशोधन संस्था (व्हीआरडीई) लष्करी वाहने घडवते आणि तपासते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२६ प्रमाणे नागरी वाहनांना प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांतही तिचे नाव आहे. १९९४ मध्ये उघडलेल्या रणगाडा संग्रहालयात रोल्स-रॉइसच्या जुन्या चिलखती मोटारीपासून पुढची वाहने मांडलेली आहेत. मोहिमेला निघणाऱ्याने ती पाहताना तोफांपेक्षा गाडीला ओढण्यासाठी लावलेले हुक, बाहेर अडकवलेली अवजारे आणि हाताला लगेच येईल अशी त्यांची जागा न्याहाळावी.

मोहिमेच्या तालमीसाठी अहिल्यानगर जिल्ह्याइतकी सोयीची भूमी महाराष्ट्रात थोडीच. १७,०४८ चौ. किमी. क्षेत्रफळाचा हा राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा. गोदावरी-प्रवरेच्या खोऱ्यात, नेवासे, राहुरी, श्रीरामपूर, कोपरगाव पट्ट्यात खोल काळी माती आहे. पश्चिमेला अकोले तालुक्यात कळसूबाई (१,६४६ मी.), भंडारदरा, रतनवाडी, साम्रद, घाटघर या बाजूला पावसाळी सह्याद्री आहे. तेथे धुके, निसरडे चढ आणि वाहते ओढे एकाच दिवसात भेटतात. मात्र कळसूबाई-हरिश्चंद्रगड हे अभयारण्य आहे. रस्ता सोडून गाडी घालणे तेथे बेकायदा आहेच, शिवाय ज्या रानासाठी आपण जातो त्याचाच तो नाश आहे.

सुटका. पथकाच्या कौशल्याची खरी कसोटी येथे लागते. काळी माती पाणी पिऊन फुगते, टायरच्या खाचा भरून टाकते आणि चाक गुळगुळीत होऊन जागेवरच फिरते. चालक जितका ॲक्सिलरेटर दाबतो तितकी गाडी खाली बसते. उसाच्या हंगामात रुतलेली ट्रॉली काढताना ट्रॅक्टरचे पुढचे चाक उचलले जाते, हे या भागातल्या शेतकऱ्याला ठाऊक आहे. म्हणून तो झटका न देता दुसरा ट्रॅक्टर जोडतो. पथकाचा क्रमही असाच शांत हवा. आधी गाडी थांबवायची, उतरून पाहायचे, फावड्याने चाकांपुढची आणि पोटाखालची माती काढायची, टायरची हवा कमी करायची. रस्त्यावर ३० ते ३५ पौंड ठेवतात, वाळूत ती १५ ते १८ पर्यंत उतरवतात. परत हवा भरायला कंप्रेसर नसेल तर हवा काढू नये. मग चाकांखाली पट्ट्या. एवढ्याने नाही निघाली तरच दोर.

ओढण्याचा ताणणारा नायलॉनचा दोर आणि साधी साखळी यांची गल्लत प्राणघातक ठरते. नायलॉन ताणला जाऊन शक्ती साठवतो. साखळीला झटका दिला तर ती तुटते. दोर ट्रेलर जोडायच्या गोळ्याला कधीही बांधू नये, कारण गोळा निखळला तर तो गोफणीतल्या दगडासारखा मागच्या काचेतून आत येतो. चासीला पक्का बसवलेला हुक आणि पुरेशा ताकदीची शॅकलच हवी. दोरावर गोणपाट किंवा जाड चादर टाकावी म्हणजे तुटलेले टोक खाली बसते. एकाच माणसाने खुणा करायच्या आणि बाकीच्यांनी दोराच्या लांबीच्या दीडपट दूर उभे राहायचे. विंच घ्यायची तर सामानासह गाडीच्या वजनाच्या दीडपट क्षमतेची. पुली लावून दोर परत गाडीकडे आणला की ओढ जवळजवळ दुप्पट होते आणि वेग निम्मा.

मिस्त्री व सुटे भाग. मिस्त्री तोच असावा ज्याने त्या मॉडेलची गाडी स्वतःच्या हाताने उघडली आहे. शक्यतो सगळ्या गाड्या एकाच बनावटीच्या घ्याव्यात. मग एकच फॅनबेल्ट, एकच क्लचप्लेट, एकाच मापाचे बेअरिंग चालते आणि अगदी वेळ आली तर एका गाडीचा भाग दुसरीला लागतो. पाट्यांचे यू-बोल्ट, रबरी होज, डिझेल फिल्टर, फ्यूज, ट्यूब आणि ठिगळाचे सामान यांना अग्रक्रम. यादी मिस्त्रीने करावी, दुकानदाराने नव्हे.

इंधन व थंडी. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानुसार विनापरवाना सोबत ठेवायचे पेट्रोल ३० लिटरपर्यंतच, तेही पक्क्या बुचाच्या धातूच्या डब्यात. डिझेलची मर्यादा बरीच मोठी आहे. लडाखच्या हिवाळ्यात साधे डिझेल गोठते. उणे ३३ अंशांपर्यंत वाहणारे हिवाळी डिझेल इंडियन ऑइलने २०१९ मध्ये आणले. नव्या बीएस-६ गाड्यांतील युरियाचे द्रावण मात्र उणे ११ अंशांनाच गोठते. मैदानी पथकांच्या ध्यानात हे उशिरा येते.

संपर्क व परवाने. परवान्याशिवाय सॅटेलाइट फोन बाळगणे भारतात गुन्हा आहे. गाडी-गाडीतल्या बोलण्यासाठी परवानामुक्त पट्ट्यातले वॉकीटॉकी किंवा परवानाधारक हौशी रेडिओचालक हाच मार्ग. देशाबाहेर जायचे तर काही देशांत गाडीसाठी ‘कार्ने’ हे सीमाशुल्क-पत्र लागते. १९१९ मध्ये स्थापन झालेली मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन ते देते. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आरटीओतून मिळतो आणि वर्षभर चालतो.

प्रकृती. २,५०० मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास कोणालाही होऊ शकतो, धडधाकट माणसालाही. लेहला (सुमारे ३,५०० मी.) पोचल्यावर दोन दिवस पूर्ण विश्रांती घ्यावी. खोकला, भान हरपणे, झोकांड्या ही लक्षणे दिसताच खाली उतरणे हाच उपचार. पुढे जायचे की परतायचे याचा शेवटचा शब्द पथकप्रमुखाचा असावा आणि तो निघण्यापूर्वी सर्वांनी मान्य केलेला असावा. वाटेत ठरवलेले अधिकार कोणी मानत नाही.

तालीम. पूर्ण सामान भरलेल्या गाड्यांनी नगर, करंजी घाट, पाथर्डी, शेवगाव, नेवासे, श्रीरामपूर, संगमनेर, अकोले, राजूर, घाटघर असा तीन-चार दिवसांचा फेरा पावसाळ्यात करावा. एक चाक रात्री, विजेरीच्या उजेडात बदलावे. मालकाच्या परवानगीने एखाद्या पडीक काळ्या रानात गाडी मुद्दाम फसवून काढावी. फेऱ्यात एकदाही हात न लागलेल्या सामानापैकी औषधे आणि दुरुस्तीचे सुटे भाग सोडून बाकीचे घरी ठेवावे. तालमीला न आलेला माणूस, कितीही हुशार असला तरी, पथकात घेऊ नये.