तळटीप : श्रियाळ-चांगुणा

१. श्रियाळ-चांगुणा : श्रीधरांच्या 'शिवलीलामृता'च्या (शके १६४०) चौदाव्या अध्यायातील राजा-राणी. अतिथी होऊन आलेल्या शंकराने त्यांच्या एकुलत्या एक मुलाचे, चिलयाचे, मांस मागितले. चांगुणेने डोळ्यांत टिपूस न आणता त्याचे शिर उखळात कांडले. 'निपुत्रिकाघरी जेवणार नाही' म्हणून अतिथी उठला, तरी तिची श्रद्धा ढळली नाही. तिने हाक मारताच चिलया जिवंत होऊन धावत आला. तमिळ 'पेरियपुराणम्'मध्ये (१२वे शतक) हीच कथा सिरुत्तोंडर नायनारांची आहे. तिथे मुलगा सीराळन. म्हणून मराठी आणि तमिळ शेजारणींना ती आपापल्या घरचीच वाटते. देवाने मागितलेले परत दिले, हा कथेचा गाभा. वाचकांनी तिच्यात बालबळीचे समर्थन शोधू नये. — संपादक